दगडावर चढणारी आरसी गाडी: बांधणी, बदल आणि गोव्याची माती (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

डिचोलीजवळच्या सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, रविवारी सकाळी आम्ही पाच-सहा जण हातभर लांबीच्या, रिमोटवर चालणाऱ्या (आरसी) गाड्या जांभ्यावर चढवत बसलेले असतो. बघायला थांबणारा प्रत्येक जण साधारण तेच विचारतो, आणि घरी गेल्यावर व्हॉट्सॲपवरही तेच प्रश्न येतात. उत्तरं एकदाची इथे लिहून ठेवली आहेत. एका उत्तरात दुसऱ्याचा विषय आला की पुन्हा न लिहिता क्रमांक दिला आहे.

1. ही गाडी किती स्पीडने पळते?

पळत नाही. माणूस रमतगमत चालतो तेवढा तिचा वेग, कधी त्याहून कमी. या प्रकाराला क्रॉलर म्हणतात. खऱ्या जीपची साधारण 1:10 मापातली प्रतिकृती, पुढे-मागे अखंड ॲक्सल (दोन चाकं जोडणारा आडवा दांडा), चारही चाकांना जोर, आणि बहुतेक गाड्यांत दोन्ही डिफ (डावं-उजवं चाक वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जोडणी) कायमचे लॉक. दगडाच्या कडेला चाक टेकवायचं, थांबायचं, कुठून चढेल ते बघायचं, मग दोन इंच पुढे. ज्यांना उड्या आणि धुरळा हवा त्यांनी बगी किंवा शॉर्ट कोर्स ट्रक घ्यावा. या लेखातलं फारसं काही त्यांच्या कामाला येणार नाही.

2. सुरुवात कुठल्या गाडीने करू? महागडी घेतली आणि कंटाळा आला तर?

डब्ल्यूपीएल किंवा एमएन या चिनी गाड्या 1:16, 1:12 मापात चार आकडी किमतीत मिळतात. प्लास्टिक मऊ आणि गिअर ढिले असतात, पण सुटे भाग मिळतात, आणि बिघडवायला भीती वाटत नाही. मी एका एमएनवरच डिफ उघडायला शिकलो. ती गाडी आता चालत नाही, पण तिचे पैसे वसूल झाले.

मोठ्या मापात ॲक्शियलची एससीएक्स 10 मालिका आणि ट्रॅक्ससची टीआरएक्स-4 ही दोन नावं सतत ऐकू येतील. टीआरएक्स-4 2017 मध्ये आली. तिच्यात पोर्टल ॲक्सल आहेत, म्हणजे चाकाजवळच एक गिअरची जोडी असते आणि त्यामुळे ॲक्सलचा मधला गोळा वर उचलला जातो. रिमोटवरून डिफ लॉक-अनलॉक करता येतात आणि दोन गिअर आहेत. या गाड्या पाच आकड्यांत जातात. सल्ला विचाराल तर आधी कोणाची तरी अर्धा तास हातात घेऊन बघा, आमची घेतलीत तरी चालेल.

3. तयार गाडी घेऊ की किट जोडू?

किट. तयार गाडी पहिल्यांदा बिघडेल तेव्हा ती उघडावीच लागणार आहे, आणि किट जोडलेल्या माणसाला आत काय आहे ते तेव्हा ठाऊक असतं. तीन-चार संध्याकाळी पुरतात. हत्यारांचे भरीचे सेट नकोत. 1.5, 2 आणि 2.5 मिमीच्या चांगल्या ॲलन की, 7 मिमीचा नट पाना, लांब चोचीची पक्कड आणि सोल्डरिंग आयर्न पुरे. की स्वस्त घेऊ नका. टोक गोल झालेली की स्क्रूचं डोकंही गोल करते, आणि मग तो स्क्रू काढायला अख्खी दुपार जाते.

धातूत जाणाऱ्या प्रत्येक स्क्रूला निळा थ्रेडलॉक (स्क्रू ढिला होऊ न देणारा गोंद) एक थेंब. प्लास्टिकमध्ये जाणाऱ्याला अजिबात नाही, तो प्लास्टिकला तडे पाडतो. मोटरचा पिनियन (छोटा गिअर) आणि त्याला जुळणारा मोठा स्पर गिअर बसवताना मध्ये वहीच्या कागदाची पट्टी घालून दाबा, मोटरचे स्क्रू घट्ट करा आणि गिअर फिरवून पट्टी काढून घ्या. पट्टीवर दातांचे ठसे उमटले पण कागद फाटला नाही, तर अंतर बरोबर.

4. पहिला बदल काय करू? मोटर?

सगळे मोटरच म्हणतात. नाही, आधी टायर आणि वजन.

कंपनीचा टायर बहुतेक वेळा कडक असतो. कोरडा जांभा कानसीसारखा असल्यामुळे त्यावर तो खपून जातो, पण पावसात शेवाळ आलं की तीच गाडी फरशीवरल्या साबणासारखी घसरते. मऊ रबराचे टायर घ्या. आतला फोम दाबून बघा. तो इतका मऊ हवा की गाडीच्या वजनाने टायर खाली थोडा पसरेल आणि दगडाचा कोपरा रबरात रुतेल. टायरला हवेचं भोक असतं किंवा पाडावं लागतं. फक्त भोकातून पाणीही आत जातं, त्याचं पुढे प्रश्न 8 मध्ये.

आता वजन. क्रॉलर चढावर मागे पलटी खाते, कारण चढताना सगळा भार मागच्या चाकांवर जातो. म्हणून वजन पुढे आणि खाली हवं. पुढच्या ॲक्सलवर साधारण साठ टक्के, मागे चाळीस. घरातल्या स्वयंपाकाच्या वजनकाट्यावर पुढची चाकं ठेवून, मागची तेवढ्याच उंचीच्या पुस्तकांवर टेकवून मोजता येतं. (घरच्यांना न विचारता काटा घेऊ नका. चिखलाच्या चाकांनी तर नकोच.)

वजन आणायचं कुठून? बाहेरून पितळी नकल आणि हब (ॲक्सलच्या टोकाला चाक धरणारे भाग) मागवता येतात, पण आधी जवळच्या टायरवाल्याकडे जा. मोटारीचं चाक बॅलन्स करताना रिमला चिकटवतात त्या 5 आणि 10 ग्रॅमच्या पट्ट्या तो सहज देतो. रिमच्या आतल्या कडेला गोल चिकटवा, पुढच्या चाकात जास्त, मागच्यात थोड्या. रिम आधी स्पिरिटने पुसून घ्या, नाहीतर पट्ट्या सुटून टायरमध्ये खुळखुळतात. आमच्यातल्या एकाने म्हापशातल्या लेथवाल्याकडून पितळी सळीचे गोल काप करून आणले, मधे भोक पाडून. लेथवाल्याने विचारलं, समईचे आहेत का?

शॉक ॲबसॉर्बरच्या वर, म्हणजे चासीवर किंवा बॉडीत वजन टाकू नका. छपरावर कॅरिअर, त्यावर जेरीकॅन, फावडं, स्टेपनी: फोटोत सुंदर, उतारावर पलटी.

5. मग मोटर कधी बदलायची? 35 टर्न, 55 टर्न म्हणजे काय?

ब्रश मोटरच्या आर्मेचरच्या (आत फिरणाऱ्या भागाच्या) प्रत्येक पोलवर तारेचे किती वेढे आहेत ते टर्न. वेढे जास्त तर मोटर हळू फिरते, कमी करंट ओढते आणि अगदी कमी थ्रॉटलवर नीट ऐकते. 2एस बॅटरीवर (प्रश्न 6) दगड चढायला 55 टर्न उत्तम. थोडी पळायलाही हवी असेल तर 35. वेग जास्त वाटला तर मोटरऐवजी पिनियन बदलून बघा. पिनियनचे दात कमी केले की वेग कमी, जोर जास्त, आणि तो भाग मोटरपेक्षा फार स्वस्त.

चढाव सोडल्यावर गाडी मागे घरंगळते ही तक्रार मात्र मोटरची नाही. ईएससीमधला (मोटरचा वेग सांभाळणारं इलेक्ट्रॉनिक यंत्र) ड्रॅग ब्रेक, म्हणजे थ्रॉटल सोडल्यावर मोटर धरून ठेवणारा ब्रेक, शंभर टक्क्यांवर करा. शर्यतीच्या ईएससीला क्रॉलरइतका तगडा ड्रॅग ब्रेक सहसा नसतो, म्हणून ईएससी घेताना क्रॉलरसाठीचाच घ्या. हॉबीविंगची क्विकरन 1080 आमच्यात बऱ्याच जणांकडे आहे.

मोटर तापते का ते बघायला थर्मामीटर नको. बोट ठेवा. तीन-चार सेकंद टिकत नसेल तर थांबा, गिअरिंग जड आहे.

6. बॅटरी 2एस की 3एस? आणि लिपो फुगते का खरंच?

फुगते. लिपो म्हणजे लिथियम पॉलिमर बॅटरी, आणि एस म्हणजे तिच्यातल्या सेलची संख्या. एका सेलचे नाममात्र 3.7 व्होल्ट, पूर्ण भरल्यावर 4.2. म्हणून 2एस 7.4, 3एस 11.1. त्याच मोटरवर 3एस लावली की वेग दीडपट होतो आणि उष्णताही वाढते. 55 टर्नला 3एस चालते, 35 ला विचार करून.

चार्जिंग क्षमतेइतक्याच करंटने करा, 5000 एमएएचची बॅटरी 5 ॲम्पिअरला. सगळे सेल सारखे भरणारी बॅलन्सची छोटी वायर (पांढऱ्या प्लगची) नेहमी जोडलेली हवी. ईएससीचं लिपो कटऑफ चालू ठेवा. सेल 3 व्होल्टच्या खाली गेला की तो जवळपास मेला. आणि रविवारी संध्याकाळी उरलेली बॅटरी तशीच बॅगेत टाकू नका, पूर्ण भरूनही ठेवू नका. प्रत्येक सेल 3.8 व्होल्टवर आणून ठेवायचा. बहुतेक चार्जरांवर स्टोरेजचं बटण असतं. आमच्याकडे मे महिन्यात बंद मोटारीत भरलेली लिपो विसरणारा एक तरी निघतोच.

चार्ज करताना खोलीत माणूस हवा. खाली फरशी, जवळ कोरड्या वाळूची कुंडी. फुगलेली बॅटरी टोचून बघायची नसते. हे लिहावं लागतं कारण एकाने बघितली होती.

7. स्टिअरिंग पूर्ण वळवलं की गाडी क्षणभर मरते आणि परत जिवंत होते. रिमोट खराब आहे का?

रिमोट ठीक आहे. तुम्ही बहुधा 25 किलो जोराचा नवा सर्व्हो (चाकं वळवणारी मोटर) बसवला असेल.

सर्व्होला आणि रिसीव्हरला (रिमोटचा संदेश घेणारा भाग) वीज ईएससीच्या आतल्या बीईसीकडून (बॅटरीचा व्होल्टेज कमी करून देणारं सर्किट) मिळते. चाक दगडात अडकलं आणि सर्व्हो जोर लावत राहिला की तो दोन-तीन ॲम्पिअर किंवा त्याहून जास्त ओढतो. बीईसीचा व्होल्टेज कोसळतो, रिसीव्हर बंद पडतो, सर्व्होचा जोर सुटतो, व्होल्टेज परत येतो, रिसीव्हर चालू होतो. हे सगळं सेकंदाभरात. खात्री करायची तर गाडी उचलून चाकं हवेत असताना स्टिअरिंग फिरवा. तेव्हा काही होणार नाही.

उपाय: वेगळी बीईसी, 6 व्होल्टची, बॅटरीतून थेट. तेव्हा ईएससीच्या रिसीव्हरकडे जाणाऱ्या वायरमधली लाल पिन काढून टेप लावून ठेवायची, नाहीतर दोन बीईसी एकमेकींशी भांडतात. सर्व्हो किती व्होल्टचा आहे ते त्याच्या पाठीवर वाचा. 6 व्होल्टवाल्याला 7.4 दिले तर तो काही दिवस फार छान चालतो.

8. पावसात चालवू शकतो का? जाहिरातीत वॉटरप्रूफ लिहिलंय.

चालवू शकता, आणि पावसाळ्यातला सडा सोडवतही नाही. पण वॉटरप्रूफचा अर्थ एवढाच की ईएससी, सर्व्हो आणि रिसीव्हर लगेच जळणार नाहीत. बेअरिंगला तो शब्द लागू नाही.

घरी आल्यावरचा क्रम असा. साध्या पाण्याने चिखल धुवा, मोटर थोडी फिरवून पाणी झटका, टायरच्या भोकातून पाणी काढायला गाडी तशीच उलटी ठेवा, पंख्याखाली दोन-तीन तास. मग मोटरच्या दोन्ही बुशिंगला एकेक थेंब हलकं तेल. ॲक्सलच्या गिअरना मी मासेमारीच्या जेटीजवळच्या दुकानांतून मरीन ग्रीस आणतो. ते ट्रॉलरवाल्यांचं काम करतं, आमचंही करतं. रिसीव्हर बॉक्सच्या झाकणाला सिलिकॉन ग्रीसचा पातळ थर द्या. कनेक्टरच्या पिनांवर हिरवट थर दिसला की जुन्या टूथब्रशने घासा.

जून ते सप्टेंबर घरात ठेवलेली गाडीसुद्धा गंजते, त्यामुळे ती न चालवताही महिन्यातून एकदा खाली घ्या. प्लेटिंग नसलेले उघडे स्क्रू इथे टिकत नाहीत. स्टेनलेसचे वापरा. फक्त ड्राइव्हशाफ्टची पिन आणि ग्रब स्क्रू कडक पोलादाचेच असू द्या, स्टेनलेस तिथे मऊ पडतं.

9. आणि समुद्रकिनारी?

नको. मी एकदा नेली होती, डिसेंबरात, ओहोटीच्या वेळी, पाण्यापासून चांगली लांब. ओली वाळू फक्त टायरला लागली असं वाटलं. घरी धुतलीसुद्धा. पुढच्या रविवारी पुढचं डावं चाक फिरेना. हब उघडून बेअरिंग बोटात धरून फिरवलं तर खरखर. शिल्ड सुईने काढली आणि आतून चहासारखं केशरी पाणी आलं. त्या गाडीतली अकरा बेअरिंग बदलावी लागली.

मिठाइतकीच वाईट वाळूतले बारीक काळे कण. किनाऱ्यावर चुंबक फिरवून बघा, झुपके लागतात. ब्रश मोटरच्या आत कायमचं चुंबक असतं, ते हे कण आत ओढून ठेवतं.

मोरजी, आश्वे, आगोंद, गालजीबाग या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. तिथे तर गाडी बॅगेतूनही काढू नका.

10. चढताना पुढचं एकच चाक हवेत उठतं. शॉक खराब?

दोन शक्यता आहेत, आणि एक छोटी चाचणी त्या वेगळ्या करते. गाडी हाताने धरून पुढे थ्रॉटल द्या, कुठलं चाक उठतं बघा. मग रिव्हर्स द्या. पुढे जाताना डावं आणि मागे येताना उजवं हलकं होत असेल, तर हा टॉर्क ट्विस्ट. ड्राइव्हशाफ्ट ॲक्सल फिरवायला जाते तेव्हा चासीही उलट्या बाजूला पिळते. दोन्ही वेळा तेच चाक उठत असेल, तर त्या कोपऱ्यातला शॉक अडकतोय, स्प्रिंग वेगळी आहे किंवा एखादी वायर लिंकमध्ये (ॲक्सल चासीला जोडणाऱ्या दांड्यांत) चेपलीय.

टॉर्क ट्विस्ट पूर्ण जात नाही. ॲक्सलवर वजन वाढवलं (प्रश्न 4) की कमी होतो, आणि मागच्या एका बाजूचा प्रीलोड (स्प्रिंगवरचा सुरुवातीचा दाब) जरासा वाढवूनही. पोर्टल ॲक्सलच्या गाड्यांत मुळातच कमी असतो, कारण शेवटचं रिडक्शन चाकाजवळ होतं आणि ड्राइव्हशाफ्टवर तितका पीळ येत नाही.

11. मला थारच हवी. बॉडी 1:10 मापात छापून घेतली की झालं ना?

होणार नाही, आणि हा माझा आवडता प्रश्न आहे.

तीन दारांच्या थारचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांच्या मध्यांतलं अंतर) 2450 मिमी. दहाने भागला तर 245. पण बहुतेक 1:10 क्रॉलरच्या चासीचा व्हीलबेस 313 मिमी असतो. थारची रुंदी 1820, म्हणजे 182 मिमी, आणि क्रॉलरची चाकं बाहेर मोजली तर 230 च्या आसपास. थारचा 255/65 आर18 टायर साधारण 789 मिमी उंच, म्हणजे 1:10 ला 79. क्रॉलरचा 1.9 इंची रिमचा टायर 105 ते 120 मिमीचा. बॉडी 1:10 छापलीत तर ती चासीवर लहान मुलाच्या टोपीसारखी दिसेल.

आता उलटं गणित करा. 2450 भागिले 313, म्हणजे 7.8. रुंदी 1820 भागिले 7.8, आले 233 मिमी. जुळलं. टायर 789 भागिले 7.8, आले 101. लहानसा 1.9 टायर जवळपास बसतो. म्हणजे थार 1:7.8 ला छापायची, 1:10 ला नाही. अडचण एकच, उंची तेवीस सेंटिमीटरच्या वर जाते आणि छपराचं वजन उतारावर जाणवतं. भिंती पातळ ठेवा, छप्पर शक्य तर कापडी करा. भाड्याच्या थार तशाही अर्ध्या उघड्याच फिरतात.

पाच दारांच्या रॉक्सचा व्हीलबेस 2850. तीच चासी घेतलीत तर माप 1:9.1 येतं. बाकी गणित तुम्ही करा.

12. थ्रीडी प्रिंट कुठल्या प्लास्टिकमध्ये? पीएलए चालेल?

आतल्या भागांना चालेल, उन्हात ठेवायच्या भागांना नाही. पीएलए 60 अंशाच्या आसपास मऊ पडतं, आणि मे महिन्यात उन्हात लावलेल्या मोटारीतला डॅशबोर्ड तिथवर पोचतो. मिरामारला दुपारी दोन तास मागच्या काचेखाली ठेवलेला माझा काळा बंपर दोन्ही टोकांनी खाली झुकला, अगदी नाराज मिशीसारखा. पीईटीजी जास्त टिकतं, एएसए त्याहून.

13. गाडी खरी वाटायला रंग कसा द्यायचा?

पारदर्शक लेक्सन बॉडी असेल तर रंग आतून, पॉलिकार्बोनेटसाठीचा. आधी गडद, मग त्याच्यामागे फिकट. एबीएसची कडक बॉडी असेल तर बाहेरून, खाली प्रायमर.

मळवण्यासाठी मात्र काही विकत घेऊ नका. सड्यावरची लाल माती उन्हात वाळवा, जुन्या सुती कापडातून चाळा, मॅट वॉर्निशमध्ये मिसळून चाकांच्या कमानीत, मडफ्लॅपवर, दरवाज्याच्या खालच्या कडेवर स्पंजाने लावा. कुळ्याहून दूधसागरला जाणाऱ्या जीप एकदा जवळून बघा. चिखल सगळीकडे सारखा नसतो. बोनेट स्वच्छ, मागचं दार भरलेलं, आणि वायपरच्या अर्धवर्तुळाबाहेर काचेवर धुळीचा पडदा. बहुतेक जण पुढेच जास्त चिखल लावतात. तो चुकतो.

14. कुठे चालवता येते? परवाना लागतो का?

2.4 गिगाहर्ट्झच्या रिमोटला परवाना लागत नाही. जागेचं वेगळं आहे. जमीन कोणाची तरी असते, माणसाची, कोमुनिदादची (गावाच्या सामायिक जमिनीची संस्था) नाही तर देवस्थानची, विचारून जा. मोले किंवा म्हादई अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय नाही. सोडून दिलेल्या चिऱ्यांच्या खाणी फोटोत मोह पाडतात, पण पावसाळ्यात त्यांत दोन-तीन पुरुष पाणी साठतं आणि काठ सरळ तुटलेला असतो. गाडी पडली तर पडू द्या.

ऑगस्टमध्ये सड्यावर बोटभर उंचीची फुलं येतात, त्यांत किडे खाणाऱ्या दवबिंदूच्या रोपट्यांचे लाल ठिपके असतात. उघड्या दगडावरून चालवा, हिरव्यावरून नाही.

15. परदेशातून भाग मागवले तर कस्टम किती? भावाला येताना आणायला सांगू का?

खेळण्यांवरचं आयात शुल्क 2020 मध्ये 20 वरून 60 टक्के झालं आणि 2023 मध्ये 70. पुढेही बदल होऊ शकतात, मागवण्याच्या आठवड्यात दर बघा. पाकिटावर 'भेट' लिहून शुल्क वाचवायची वाट 2019 च्या डिसेंबरात बंद झाली, सवलत उरली ती राखी आणि जीवरक्षक औषधांना. म्हणून शक्य ते भाग देशातल्या विक्रेत्यांकडूनच घ्या.

भावाला बॅटरी आणायला सांगितलीत तर ती चेक-इन बॅगेत नाही, हातातल्या सामानात. मोजमाप वॉट-तासांत होतं: व्होल्ट गुणिले ॲम्पिअर-तास. 2एस 5000 म्हणजे 7.4 गुणिले 5, 37. 3एस असेल तर 55.5. साधारण मर्यादा 100 ची आहे, म्हणजे दोन्ही बसतात. टोकांना टेप लावा, प्रत्येक बॅटरी वेगळ्या पिशवीत, आणि छापील लेबल खरवडलेलं नको. विमानतळावर तेच वाचतात.

16. वापरलेली गाडी मिळतेय. काय बघू?

बॉडी काढायला सांगा. काढायला टाळाटाळ झाली तर तिथेच निघा. मग प्रत्येक चाक हाताने फिरवा, ऐका, आणि आत-बाहेर हलवून बघा. स्क्रूंची डोकी बघा, गोल झालेली असतील तर आधीचा मालक स्वस्त की वापरत होता (प्रश्न 3). रिसीव्हर बॉक्स उघडून पिनांवर हिरवट थर आहे का, आणि ॲक्सलच्या झाकणाखाली मिठाचा पांढरा पापुद्रा आहे का, तेही बघा. पांढरं दिसलं तर गाडी किनाऱ्यावर गेलेली आहे, मालक काहीही सांगो. किमतीतून बेअरिंगचा पूर्ण संच वजा करा. सोबत दिलेली बॅटरी फुकट समजा आणि ती घरी आणू नका.